१ जून १९५५ : दोन कायदे आणि एक निरीक्षक

नांदेडच्या जुन्या मोंढ्याजवळ भज्यांची गाडी लावणारी एक बाई काही महिन्यांपूर्वी आमच्या कचेरीत आली. नवरा मोंढ्यात हमाली करतो, दोन मुली शाळेत जातात. तिच्या हातात चार-पाच कागद होते, आणि ते सर्व इंग्रजीत होते. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने तिच्या कढईजवळच्या डब्यातून तेलाचा नमुना घेतला होता. विश्लेषकाच्या अहवालात ते तेल अवमानक ठरले होते. आणि न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे हजर राहण्याची नोटीस तिला आली होती. पंचनाम्यावर तिची सही होती. त्यावर काय लिहिले आहे ते माहीत होते काय, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "वकीलसाहेब, सही कर म्हन्ले, म्या केली."

हे प्रकरण फार मोठे नाही. कोणी मेले नाही, कोणास तुरुंग झाला नाही. तरीही आम्ही ते या पाक्षिकाच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्या चार-पाच कागदांत एका गरीब कुटुंबाची भाकरी अडकलेली होती हे एक कारण. आणि अन्नाच्या कायद्याकडे आमच्या समाजाने पाहिले पाहिजे तसे अद्याप पाहिलेले नाही, हे दुसरे.

प्रथम त्या बाईचे हक्क पाहू. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ हा कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून पूर्णपणे अंमलात आला. त्याच्या कलम ३८ अन्वये अधिकाऱ्यास नमुना घेण्याचा अधिकार आहे. परंतु ज्या भावाने तो पदार्थ लोकांस विकला जातो त्या भावाने त्याची किंमत चुकती करण्याचे बंधनही त्याच कलमाने त्याजवर घातले आहे. कलम ४७ प्रमाणे नमुन्याचे चार भाग करावयाचे, प्रत्येकावर मोहोर लावावयाची, विक्रेत्याची सही किंवा अंगठा घ्यावयाचा. एक भाग विश्लेषकाकडे जातो, दोन भाग पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या ताब्यात राहतात, आणि चौथा भाग, विक्रेत्याने मागणी केल्यास, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. दोन अहवालांत तफावत पडली तर राखून ठेवलेला भाग निर्देश प्रयोगशाळेकडे जातो आणि तिचा निर्णय अखेरचा. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यावा असे कलम ४६ सांगते. अहवाल मान्य नसेल तर त्याची प्रत मिळाल्यापासून तीस दिवसांत विक्रेत्यास अपील करता येते.

यांपैकी एकही गोष्ट त्या बाईस ठाऊक नव्हती. चौथ्या भागाची मागणी तिने केली नाही, कारण असा काही भाग असतो हे तिला कोणी मराठीत सांगितले नाही. अहवाल चौदा दिवसांनी नव्हे, तर जवळजवळ तीन महिन्यांनी आला. चौदा दिवसांची ही मुदत बंधनकारक की केवळ मार्गदर्शक, यावर वकिलांनी न्यायालयांत पुष्कळ शब्द खर्च केले आहेत; भजीवालीला तो खर्च परवडत नाही. अपिलाचे तीस दिवस तिने तो लखोटा देवाच्या फळीवर ठेवून घालविले. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा आहे. राज्याच्या कारभाराची भाषा मराठी असे त्यात म्हटले आहे. परंतु जो कागद गरिबाच्या हाती पडतो, त्याच्यापर्यंत तो अधिनियम पोचलेला दिसत नाही.

याहून मोठी गोम तेलाच्या खरेदीत होती. तिने ते तेल एका दुकानातून सुटे घेतले होते, बिलाशिवाय. कायद्याच्या कलम २६ प्रमाणे माल विकणाऱ्याने पुढच्या विक्रेत्यास त्या मालाची लेखी हमी दिली पाहिजे, आणि साधे बिल हीच ती हमी समजली जाते. बिल असते तर दोषाचा धनी दुकानदार आहे हे दाखविता आले असते. सुट्या खाद्यतेलाची विक्री २०११ च्या विनियमांनी, राज्य शासनाने सूट दिली नसेल तर, निषिद्धच केली. म्हणजे भेसळीचा ओघ वरून खाली वाहत आला आणि जिच्यापाशी कागद नव्हता तिच्यापाशी येऊन थांबला. दुकानदाराने बिल न देण्यात शहाणपण केले होते. त्याने फक्त पैसे घेतले.

दंडाच्या कलमांतही एक उणीव आहे. मागितलेल्या दर्जाचे अन्न न दिल्याबद्दल कलम ५० मध्ये मोठ्या व्यापाऱ्यास पाच लाखांपर्यंत दंड ठेवला, आणि फेरीवाल्यासारख्या लहान उत्पादकास पंचवीस हजारांची मर्यादा घातली. ही दृष्टी न्यायाची होय. परंतु लगेच पुढच्या, म्हणजे अवमानक अन्नाच्या कलम ५१ मध्ये ती मर्यादा नाही. तेथे कारखानदार आणि हातगाडी एकाच पाच लाखांच्या छपराखाली उभे आहेत. दंड ठरविताना नफा, नुकसान, गुन्ह्याची पुनरावृत्ती व जाणीव यांचा विचार करावा असे कलम ४९ सांगते हे खरे. पण तो विचार करावयास लावण्यासाठी कोणीतरी उभे राहून बोलावे लागते. आम्ही बोललो. दंड कमी झाला. तरीही तो तिच्या दीड-दोन महिन्यांच्या कमाईएवढा भरला.

आता कोणी म्हणेल, हे सारे कागद फाडून टाका, गरिबाला मोकळे सोडा. आमचे मत तसे नाही. वकिलीत इतकी वर्षे घालविल्यावर आमची खात्री झाली आहे की, अधिकाऱ्याच्या मर्जीपेक्षा अधिकाऱ्याने भरावयाचा कागद बरा. जुन्या भेसळ प्रतिबंधक कायद्याखाली दिल्लीत घिसाराम नावाच्या दहीविक्रेत्यावर खटला झाला होता. खटला भरण्यास इतका विलंब लागला की, आरोपीने आपल्या हक्काप्रमाणे नमुना केंद्रीय प्रयोगशाळेकडे पाठविण्याची मागणी केली तेव्हा दही नासून गेलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्यास दोषी धरण्यास नकार दिला. १९६७ च्या विधी-अहवालांत तो निकाल छापलेला आहे, आणि आजही आम्ही तो न्यायालयात वाचून दाखवितो. एका दहीवाल्याचा हक्क कागदानेच वाचविला.

२०१५ साली तोच कागद एका फार मोठ्या कंपनीच्या कामी आला. मॅगी नावाच्या शेवयांत शिसे प्रमाणाबाहेर असल्याचे सांगून केंद्रीय प्राधिकरणाने ५ जून रोजी व महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यानंतर लगेच बंदीहुकूम काढले. नेस्ले कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. १३ ऑगस्ट २०१५ रोजी न्यायालयाने ते हुकूम रद्द केले. कंपनीस म्हणणे मांडण्याची संधी दिली नव्हती, आणि ज्या प्रयोगशाळांत तपासणी झाली त्या कायद्याला अभिप्रेत असलेल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळा नव्हत्या, ही त्याची कारणे. तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत पुन्हा तपासणी करून मगच विक्री करावी असे न्यायालयाने सांगितले. या निकालाविषयी आमची तक्रार नाही. सवाल एवढाच की, कंपनीसाठी जे कलम ४७ आहे तेच भजीवालीसाठीही आहे. कंपनीला ते दहा आठवड्यांत सापडले, भजीवालीला ते आमच्या कचेरीत येईपर्यंत दिसले नव्हते.

नोंदणीचीही तीच कथा. २०११ च्या विनियमांनी वार्षिक बारा लाखांपर्यंत उलाढाल असणारे लहान विक्रेते, फेरीवाले व तात्पुरते ठेलेवाले यांस परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरेशी केली. फी वर्षाला शंभर रुपये. अर्ज आल्यावर सात दिवसांत नोंदणी द्यावी, नाकारावी किंवा तपासणीची नोटीस काढावी. तपासणी ठरल्यास तीस दिवसांत निर्णय द्यावा. आणि या मुदतीत काहीच न झाल्यास विक्रेत्यास धंदा सुरू करण्याची मुभा आहे. सुनावणी दिल्यावाचून व लेखी कारण दिल्यावाचून नोंदणी नाकारता येत नाही. इतके स्वच्छ लिहिलेले कलम गरिबाच्या बाजूने क्वचितच सापडते. त्या बाईने मात्र नोंदणीसाठी एका दलालास पंधराशे रुपये दिले होते, कारण अर्ज संगणकावर भरावा लागतो आणि तिच्याकडे असलेल्या फोनवर तिच्या मुली अभ्यास करतात.

कागदांची छाननी शासनाने तरी नीट केली असेल, असे वाटत असेल तर भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा २०१७ चा अहवाल पाहावा. त्यांनी तपासलेल्या प्रकरणांपैकी निम्म्याहून अधिक परवाने अपुऱ्या कागदपत्रांवर दिलेले आढळले. राज्यांच्या ७२ अन्न प्रयोगशाळांपैकी ६५ प्रयोगशाळांना राष्ट्रीय मान्यता मंडळाची मान्यता नव्हती. म्हणजे हातगाडीवाल्याच्या तेलाचा दोष जेथे ठरतो, त्या प्रयोगशाळेचा स्वतःचा कागदच तेव्हा अपुरा होता.

येथवर आम्ही कायद्याचे एक अंग सांगितले. दुसरे अंग अधिक जुने आहे.

अन्न कोणाच्या हातचे खावे, पाणी कोणाच्या भांड्यातून प्यावे, याची तपासणी या देशात कायदा येण्यापूर्वी हजारो वर्षे चालू होती. ती जात करीत असे. तिला प्रयोगशाळा लागत नव्हती. अन्न शिळे की ताजे, पाणी गढूळ की स्वच्छ, हे ती विचारीत नव्हती. हात कोणाचा, एवढेच विचारी. कोल्हापुरात राजवाड्याच्या चाकरीतील गंगाराम कांबळे यांस पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मार बसला. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांस चहाचे हॉटेल काढून दिले आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला. महाराजांनी त्या चहाला जे प्रमाणपत्र दिले, तसे प्रमाणपत्र देण्याची तरतूद कोणत्याही विनियमात नाही. महारवाड्यातल्या माणसाच्या हातचा चहा विकला जावा म्हणून एका राजाला ठेल्यावर जाऊन बसावे लागले, ही त्या काळच्या अन्न-तपासणीची नोंद होय.

पुढे स्वतंत्र भारताच्या संसदेने दोन कायदे केले. अन्न भेसळ प्रतिबंधक अधिनियम १९५४ चा. अस्पृश्यता (अपराध) अधिनियम १९५५ चा. दोन्ही एकाच दिवशी, १ जून १९५५ रोजी, अंमलात आले. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता. समजा, त्या दिवशी नांदेडच्या एखाद्या हॉटेलात दोन्ही कायदे बरोबरच शिरले. एकाने विचारले, पेल्यात काय आहे ? दुसऱ्याने विचारले, हा पेला सर्वांना एकच आहे काय ? पहिल्या कायद्याला निरीक्षक मिळाला, विश्लेषक मिळाला, मोहोर मिळाली, नमुने भरलेली पुस्तके मिळाली. दुसऱ्याला यांतले काहीही मिळाले नाही. ज्याला दाराबाहेर उभे केले त्यानेच पोलिसचौकीत जावे, साक्षीदार आणावे, गावात राहून गावाविरुद्ध खटला चालवावा, अशी ती व्यवस्था होती. भेसळीच्या दुधाचे गिऱ्हाईक आणि कान तुटलेल्या कपाचे गिऱ्हाईक, दोघांचाही अपराध झालेला. एकासाठी सरकार फिर्यादी झाले आणि दुसऱ्यास स्वतः फिर्यादी व्हावे लागले.

हा दुसरा कायदा १९७६ च्या दुरुस्तीने नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला. त्याच्या कलम ४ प्रमाणे उपाहारगृहात प्रवेश किंवा तेथील भांड्यांचा वापर नाकारणे गुन्हा आहे. कलम ६ प्रमाणे अस्पृश्यतेच्या कारणावरून माल विकण्यास नकार देणे गुन्हा आहे. आणि कलम ८, ज्याकडे आमच्या वकीलबंधूंचेही लक्ष क्वचितच जाते, ते सांगते की, कलम ६ खाली दोषी ठरलेल्या माणसाजवळ त्या धंद्याचा परवाना असेल तर न्यायालय तो रद्द किंवा स्थगित करू शकते. हा परवाना म्हणजेच आजचा अन्नपरवाना ! दोन कायदे येथे एकमेकांस भेटतात. कलम १५-अ ने तर राज्य शासनांवर पाहणी करण्याचे, देखरेखीसाठी अधिकारी नेमण्याचे कर्तव्य घातले आहे.

मग आमची मागणी अशी की, अन्न सुरक्षा अधिकारी उपाहारगृहाच्या तपासणीस जातो तेव्हा त्याच्या तपासणीपत्रकात आणखी एक रकाना असावा : भांडी व बसण्याची जागा सर्व गिऱ्हाइकांस समान आहे काय ? तो तेथे पाण्याची टाकी पाहतो, झुरळे पाहतो, आचाऱ्याची नखे पाहतो. पेले पाहणे त्यास जड नाही. वेगळेपणा आढळल्यास त्याने कलम १५-अ खालच्या अधिकाऱ्यास कळवावे, एवढेच. यास कोणी म्हणेल की अन्नशुद्धीच्या अधिकाऱ्यास सामाजिक काम कशाला ? त्यास आम्ही विचारू की, अन्न अशुद्ध ठरविण्याचे सामाजिक काम इतकी शतके कोण करीत होते ? दुसरा कोणी म्हणेल, आता कागदी पेले आले, वेगळ्या कपाचा प्रश्नच राहिला नाही. कागदी पेल्याने वेगळ्या कपाचा पुरावा नाहीसा केला, हे आम्हांस मान्य आहे.

आता निरीक्षक कोण होतो ते पाहू. २०११ च्या नियमांनी अन्न सुरक्षा अधिकाऱ्यासाठी अन्नतंत्र, दुग्धतंत्र, जैवतंत्र, तेलतंत्र, कृषी, पशुवैद्यक, जीवरसायन किंवा सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी, अथवा रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी, अथवा वैद्यकाची पदवी आवश्यक ठरविली; त्यावर विहित प्रशिक्षण. अन्नधंद्यात ज्याचा पैसा गुंतला आहे त्यास हे पद देता येत नाही. महाराष्ट्रात ही भरती लोकसेवा आयोगामार्फत होते. कलम ३८ या अधिकाऱ्यास जेथे अन्न तयार होते अशा कोणत्याही जागी प्रवेश करण्याचा अधिकार देते. याचा अर्थ आमच्या तरुणांनी नीट समजून घ्यावा. ज्याच्या आजोबास हॉटेलाच्या ओट्याखाली बसून वरून ओतलेला चहा प्यावा लागला, त्याची नात कायद्याच्या अधिकाराने त्याच हॉटेलाच्या मुदपाकखान्यात जाऊ शकते, झाकण उघडू शकते, आणि हे अन्न माणसाने खाण्यासारखे आहे की नाही ते लिहू शकते. आमच्या मते या खात्यातील राखीव जागा कोणत्याही सचिवालयातील जागेपेक्षा कमी मोलाची नाही.

अशी एक मुलगी आमच्याकडे सल्ल्यास आली होती. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी तिने घेतली आहे. अन्नतंत्रासारख्या व्यावसायिक शिक्षणक्रमास राखीव जागेवर प्रवेश घेणाऱ्यांची जात पडताळणी प्रवेशाच्या वेळीच होते. साध्या विज्ञान शाखेत ती कोणी मागितली नाही, आणि परीक्षेच्या तयारीत दोन वर्षे गेल्यावर तिला कळले की दाखला वेगळा आणि वैधता प्रमाणपत्र वेगळे. २००० च्या अधिनियमाने जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर टाकला आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. तिच्या पणजोबांस जमीन नव्हती, म्हणून खासरा पत्रकात नाव नाही. शाळेत ते गेले नाहीत, म्हणून दाखल-खारिजात नाव नाही. चुलत पणजोबांचे नाव एका शाळेच्या जुन्या नोंदवहीत सापडले. ती नोंद उर्दूत आहे, कारण निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत चाले, आणि तिचे मराठी भाषांतर प्रमाणित करून आणण्यास तिला चार महिने लागले. ज्या समाजाला शाळेबाहेर ठेवले, त्याच्याकडे शाळेचा दाखला मागावयाचा, ही रीत मराठवाड्यात तरी तपासून पाहिली पाहिजे.

बौद्ध म्हणून तिच्यापुढे आणखी एक पायरी होती. १९५६ नंतर धम्म स्वीकारलेल्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात स्थान मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. तो प्रश्न कायद्याने सुटला, पण दाखल्याच्या नमुन्यात वडिलांच्या कागदावर एक शब्द, मुलीच्या कागदावर दुसरा, यावरून शंका काढणारे कारकून अद्याप आहेत. खोट्या दाखल्यांवर राखीव जागा लाटल्या जातात, म्हणून पडताळणी हवी, हे आम्ही निःशंकपणे म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये जगदीश बहिरा यांच्या प्रकरणात अशा खोट्या लाभांवर जी कठोर भूमिका घेतली ती आमच्याच हिताची होय. आमचे म्हणणे इतकेच की, ज्याच्या वडिलांच्या किंवा सख्ख्या भावाच्या वैधतेचा निर्णय झालेला आहे त्यास पुन्हा पणजोबापासून आरंभ करावयास लावू नये, आणि पदवीच्या पहिल्याच वर्षी महाविद्यालयांनी सर्व राखीव विद्यार्थ्यांचे अर्ज समितीकडे पाठवावेत. त्या मुलीस प्रमाणपत्र मिळाले. त्या वर्षीची जाहिरात तोवर निघून गेली होती.

शेवटी आपल्या घराकडे. लहान अन्नव्यावसायिकाच्या २०११ च्या व्याख्येत धार्मिक किंवा सामाजिक मेळाव्यात अन्नवाटप करणाराही येतो. १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर या दिवशी आपली मंडळे हजारो लोकांस जेवू घालतात, ते या व्याख्येत बसते. हा नियम अपमानाचा नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात लोहा तालुक्यातील कोष्टवाडी येथे एका धार्मिक कार्यक्रमात एकादशीचा प्रसाद घेतलेल्या सुमारे दोन हजार लोकांस विषबाधा झाली. आसपासच्या गावांचे लोक रातोरात रुग्णालयांत न्यावे लागले. भगर किंवा खिचडी भाविकाची जात विचारीत नाही, तशी मंडळाचा झेंडाही विचारीत नाही. मंडळांच्या कार्यवाहांनी शंभर रुपये भरून नोंदणी करावी, किराणा बिलावर घ्यावा, तेल सीलबंद घ्यावे, आणि पाण्याच्या टाकीची तारीख लिहून ठेवावी. आणि विकत घेतलेल्या मालाविषयी शंका आली तर कलम ४० प्रमाणे कोणीही खरेदीदार फी भरून तो विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. त्यासाठी निरीक्षकाची वाट पाहावी लागत नाही.

भजीवालीचे आता बरे चालले आहे. ती तेल पाकिटातले घेते आणि बिले एका पिशवीत ठेवते. पुढच्या वेळी अधिकारी आल्यास चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावा ही मागणी कशी लिहून द्यावयाची, ते आम्ही तिला मराठीत एका कागदावर लिहून दिले. तो तिने गाडीच्या पत्र्यावर, नोंदणी प्रमाणपत्राच्या शेजारी, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली चिकटविला आहे. थोरल्या मुलीने तो पाठ केला आहे.